पुढची पायरी

सर सी. व्ही. रामन १९१० च्या सुमारास काही काळ आमच्या नागपुरात सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते. त्याच वर्षी लाहोरला त्यांच्या थोरल्या भावाला मुलगा झाला, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. नागपूरकर म्हणून एवढं नातं जोडून घेतो :-)

श्वेत बटू तारा सूर्याच्या साधारण १.४ पटीपेक्षा जड असू शकत नाही, ही या पुतण्याची मर्यादा सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच्या पुढची पायरी म्हणजे न्यूट्रॉन तारा. त्याची हद्द कुठे? त्यापलीकडे कृष्णविवर, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

१९३९ साली ओपेनहायमर (हो, तेच, अणुबाँबवाले) आणि त्यांचा विद्यार्थी व्होल्कॉफ यांनी टोलमन यांच्या कामाच्या आधाराने उत्तर काढलं: ०.७ सूर्य. म्हणजे श्वेत बटूच्या निम्मं! गणित बरोबर होतं. फक्त न्यूट्रॉन फार जवळ आले की एकमेकांना जोरात ढकलतात, हे त्या हिशेबात नव्हतं. अणुगर्भातल्या बलाची तेव्हा कुणालाच नीट ओळख नव्हती.

पुढे १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना एक जोडतारा सापडला. त्यातले दोन्ही तारे सुमारे १.४ सूर्याचे निघाले आणि ०.७ निकालात निघालं. त्याच वर्षी ऱ्होड्स आणि रुफिनी यांनी वेगळी वाट धरली. आतल्या पदार्थाचे तपशील माहीत नाहीत ना, मग ध्वनी प्रकाशाहून वेगाने जाऊ शकत नाही एवढं धरून चाला. कमाल आली ३.२. मला हीच युक्ती सगळ्यांत आवडते.

आज नीट मोजलेला एक जड तारा २.०८ सूर्याचा आहे. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे आदळले, त्यावरून अनेकांनी हद्द २.२ च्या आसपास मांडली. आणि २०१९ मध्ये गुरुत्वलहरींत २.६ सूर्याची एक वस्तू दिसली! सर्वांत जड न्यूट्रॉन तारा की सर्वांत हलकं कृष्णविवर? तिथून प्रकाश काही दिसला नाही, त्यामुळे वाद मिटलेला नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ चार-चार किलोमीटर लांब भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर केले. अमेरिकेपासून इतक्या दूर एक कान असला की टक्कर आकाशात नेमकी कुठे झाली ते लवकर कळेल, आणि दुर्बिणी वेळेत तिकडे वळतील.