कूळ एक, गुण अनेक
अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या विकारात दिले जाणारे 'गॅलँटामाइन' हे अल्कलॉइड १९५० च्या दशकात सोव्हिएत संघात स्नोड्रॉपच्या एका जातीतून वेगळे करण्यात आले. डॅफोडिल आणि ल्युकोजम ही त्याच कुळातील कंदवर्गीय फुलझाडे. मात्र कूळ एक असले तरी त्यांतील द्रव्ये सारखी नसतात. बल्गेरियात रानात वाढणाऱ्या ल्युकोजममध्ये काही ठिकाणी गॅलँटामाइन, तर काही ठिकाणी लायकोरीन अधिक आढळते. डॅफोडिलचा 'कार्लटन' हा वाण गॅलँटामाइनसाठी उपयुक्त मानला जातो. अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध विकार बरा करीत नाही. काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य करते. लायकोरीनमुळे मात्र उलट्या होतात. म्हणूनच कांद्यासारखा दिसणारा डॅफोडिलचा कंद औषध समजून खाणे धोक्याचे ठरते.