बॅण्टम: जीपगाडीची विसरलेली जननी

मराठवाड्यांत जीपगाडी कोणास नवी नाहीं. केदारेश्वराच्या प्राचीन देवालयामुळें प्रसिद्ध असलेल्या धर्मापुरीसारख्या गांवींही सरकारी अंमलदार म्हटला कीं एके काळीं जीपच डोळ्यांपुढें उभी राही. परंतु या गाडीचा जन्म एका दिवाळखोर कारखान्यांत झाला, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया संस्थानांत बटलर नांवाचें गांव आहे. तेथें १९३० सालीं इंग्लंडांतील ‘ऑस्टिन सेव्हन’च्या धर्तीवर चिमुकल्या मोटारी तयार होऊं लागल्या. मुहूर्त मात्र वाईट! मंदीचे दिवस, आणि जवळजवळ तेवढ्याच पैशांत फोर्डची मोठी गाडी मिळत असतां हें खेळणें घेणार कोण? १९३४ त दिवाळें वाजलें. पुढें रॉय एव्हन्स यांनीं ‘अमेरिकन बॅण्टम’ या नांवानें कारखाना पुन्हां उभा केला. बॅण्टम म्हणजे लहान चणीचा कोंबडा. नांव झोकदार होतें, गिऱ्हाईक नव्हतें.

१९४० त फ्रान्स पडला, तेव्हां अमेरिकन लष्करास चारही चाकांना गति देणारी हलकी गाडी हवी झाली. सुमारें १३५ कारखान्यांस विचारणा झाली. ४९ दिवसांत नमुना देण्याचें एकट्या बॅण्टमनें पत्करिलें. बुडत्याला काडीचाही आधार! कार्ल प्रॉब्स्ट या यंत्रज्ञानें थोड्या दिवसांत नकाशे काढिले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं गाडी होलाबर्डच्या छावणींत वेळेवर पोंचली.

आतां बॅण्टमचें दैव उघडलें, असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. कारखाना लहान, भांडवल अल्प. लष्करानें तिचे नकाशे विलिस व फोर्ड यांच्या हातीं दिले. त्या दोघांनीं युद्धकाळांत सहा लक्षांहून अधिक जीपा बांधल्या. बॅण्टमच्या वांट्यास अडीच हजारांहून थोड्या अधिक आल्या, आणि पुढें जीपच्या मागें जोडावयाचे ट्रेलर! विलिसचें यंत्र अधिक दमदार होतें, हें आम्हांस मान्य आहे; तरी हा व्यवहार न्यायाचा वाटत नाहीं. जीप आपणच निर्माण केली असें सांगण्यास १९४८ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें विलिसला मनाई केली खरी, पण तोंवर उशीर झाला होता.

हिंदुस्थानांत जीप रुजली ती विलिसचीच म्हणून. महिंद्र बंधूंनीं १९४५ त मलिक गुलाम महंमद यांच्यासह कंपनी काढिली; फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि १९४८ त कंपनीच्या नांवांत दुसऱ्यांदा ‘महिंद्र’ आलें. मुंबईस माझगांवीं परदेशांतून आलेले सुटे भाग जोडून जीपा उभ्या राहूं लागल्या. पावसाळ्यांत काळ्या मातीचा जेथें नुसता राडा होतो, तेथें त्या हिंडूं लागल्या, तेव्हां बटलरच्या कारखान्यानें मोटारी बांधणें केव्हांच सोडून दिलें होतें.