अ‍ॅनच्या हातचं एकच पत्र

आज मी एका पत्राबद्दल बोलणार आहे. इंग्लंडला लागून पश्चिमेला वेल्स नावाचा छोटा देश आहे. तिथल्या अ‍ॅबरिस्टविथ या समुद्रकाठच्या गावात टेकडीवर राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि हे पत्र तिथं जपून ठेवलेलं आहे. दोनशे वर्षांपूर्वी एका शेतकरी बाईने आपल्या हाताने लिहिलेलं. ती वेल्श भाषेतली फार मोठी भजनकार मानली जाते, पण तिच्या हस्ताक्षरातलं म्हणून आज एवढंच शिल्लक आहे.

तिचं नाव अ‍ॅन ग्रिफिथ्स. जन्म १७७६ चा, समुद्रापासून लांब डोंगराळ मुलखात, डोल्वार फाख नावाच्या शेतघरात. आई १७९४ मध्ये गेली. अ‍ॅन तेव्हा अठराच्या आतबाहेर, घर तिच्यावर आलं. दूधदुभतं, सूत कातणं, गडीमाणसांचं जेवण. त्या काळात तिथं गावोगाव भक्तांच्या मंडळ्या जमत, आपल्याकडे सत्संग बसतो तशा. अ‍ॅन अशा एका मंडळीत जाऊ लागली. प्रवचन ऐकायला ती बेर्विनचा डोंगर ओलांडून तीसेक किलोमीटरवरच्या बाला गावी पायी जायची. आणि काम करता करता तिला भजनं सुचायची.

आता जरा मागे जाते, कारण या पत्राचं मोल त्याशिवाय कळणार नाही. वेल्समध्ये गरिबांना वाचायला शिकवलं ते फिरत्या शाळांनी. ग्रिफिथ जोन्स नावाच्या धर्मगुरूने त्या सुरू केल्या. शाळा एका गावात काही महिने, बहुधा हिवाळ्यात शेतीची कामं कमी असताना, आणि मग पुढच्या गावात. मोठी माणसंही शिकायची. जोन्स १७६१ मध्ये वारला, तेव्हा हा सगळा कारभार एका बाईने सांभाळला. ब्रिजेट बेव्हन, लार्न या खाडीकाठच्या गावची श्रीमंत बाई. अठरा वर्षं तिने शाळा चालवल्या. १७७९ मध्ये ती गेली, तेव्हा शाळांसाठी १०,००० पौंड ठेवून गेली. त्या काळी ही केवढी रक्कम! पण मृत्युपत्रावर वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि पैसा सुमारे तीस वर्षं अडकला. शाळा बंद पडल्या. अ‍ॅन तेव्हा तीन वर्षांची होती. पैसा ठेवला म्हणजे काम चालत राहील असं नसतं, हे गटातल्या बायकांना मी वेगळं सांगायला नको.

पुढे बालाच्या थॉमस चार्ल्स या धर्मगुरूने पुन्हा फिरत्या शाळा उभ्या केल्या. पण आधीच्या काय किंवा या काय, या शाळांचा भर वाचण्यावर होता. बायबल वाचता आलं की झालं. लिहिणं ही वेगळी गोष्ट, त्याला कागद लागतो, टाक लागतो, वेळ लागतो. म्हणून वाचू शकणारी पण सही न करता येणारी माणसं पुष्कळ होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वाचणारा दुसऱ्याचं ऐकतो. आपलं म्हणणं मागे ठेवायचं तर लिहावंच लागतं.

अ‍ॅनला लिहिता येत होतं, तरी भजनं तिने लिहून जपली नाहीत. ती म्हणायची, ती जपण्याच्या लायकीची नाहीत, माझ्या समाधानापुरती आहेत. तिच्या घरी रूथ इव्हान्स ही कामाला होती. रूथला लिहिता येत नव्हतं, पण अ‍ॅन म्हणेल ते भजन तिच्या तोंडी बसायचं. चार्ल्सच्या शाळांमधला एक मास्तर, जॉन ह्यूज, आधी विणकर होता. शाळेच्या निमित्ताने तो डोल्वार फाखला राहायचा. त्याचं आणि अ‍ॅनचं पत्रांतून धर्मावर बोलणं चाले.

१८०४ मध्ये अ‍ॅनचे वडील गेले, त्याच वर्षी तिचं लग्न झालं. १८०५ च्या जुलैत मुलगी झाली. ती दोन आठवड्यांत गेली आणि ऑगस्टमध्ये अ‍ॅनही गेली. वय एकोणतीस. तेव्हा कितीतरी घरांत बाळंतपण असंच संपायचं.

रूथने त्याच वर्षी जॉन ह्यूजशी लग्न केलं होतं. ती आठवून म्हणत गेली, तो लिहीत गेला. अशी सत्तरच्या वर कडवी कागदावर आली. त्यातली काही लवकरच बाला येथे छापली गेली, छापताना शब्द थोडे इकडचे तिकडे करून. अ‍ॅनने ह्यूजला लिहिलेली सात पत्रंही आज आहेत, पण ती त्याने उतरवून घेतलेली. अक्षर त्याचं.

अ‍ॅनच्या हातचं आठवं पत्र एलिझाबेथ इव्हान्स या बाईला लिहिलेलं आहे. त्याच कागदावर तिच्या एका भजनाचं कडवंही आहे. सत्तरांतलं हे एकच कडवं असं, जे कुणाच्या आठवणीतून आलेलं नाही, कुणी सुधारलेलं नाही. बाकी सगळ्यांसाठी आपण रूथवर विश्वास ठेवतो. वेल्समधले लोक दोनशे वर्षं तो ठेवून आहेत आणि चर्चमध्ये उभं राहून तीच भजनं म्हणतात.