ओव्याचे फूल आणि न जुमानणारे जंतू

पोटात कळ आली की चिमूटभर ओवा आणि मीठ, आणि बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची व बाळंतशेपाची धुरी, हे आपल्यापैकी बहुतेकांनी घरी पाहिलेले आहे. त्या ओव्याविषयी वसंत व्याख्यानमालेत बोलण्यासारखे काय असणार, असे कोणाला वाटल्यास नवल नाही. त्यातून बोलणारे आम्ही ना डॉक्टर, ना वैद्य, ना रसायनशास्त्रज्ञ. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण यंत्रमागांच्या खडखडाटात आणि गावच्या वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा या विषयाकडे आम्ही कसे वळलो ते आधी सांगितले पाहिजे.

आमच्या युनियनमधील एका विणकराच्या हाताला मागावरून उडालेला धोटा लागला. जखम लहान होती. त्याने दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, दोन दिवस घेतल्या, ठणका कमी झाला तशा उरलेल्या कागदात बांधून फळीवर ठेवल्या. खाडा केला तर मजुरी बुडते, म्हणून तिसऱ्या दिवशी तो मागावर उभा राहिला. पंधरवड्याने हात कोपरापर्यंत सुजला. इस्पितळात पू तपासला तेव्हा अहवालात सहा औषधांची नावे होती आणि त्यांतल्या पाचांपुढे एकच शेरा होता, की जंतू या औषधाला दाद देत नाहीत. सहावे औषध महाग होते. त्याने जीव वाचला, पण एक बोट काढावे लागले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, आई सांगत होती ओव्याचं तेल लाव म्हणून. तेच लावलं असतं तर बोट राहिलं असतं का?"

या प्रश्नाला आम्हांला उत्तर देता आले नाही. "असतं रे" म्हणून त्याचे समाधान करणे सोपे होते, आणि "अडाणीपणा सोड" म्हणून त्याला गप्प करणेही सोपे होते. दोन्ही आम्हांला पटेना. म्हणून आम्ही वाचू लागलो. त्या वाचनातून जो इतिहास हाती आला, तो आज आपल्यापुढे ठेवतो.

ओव्याच्या दाण्यात शेकडा दोन ते चार भाग सुगंधी तेल असते. दाणे पाण्याच्या वाफेवर ठेवून ती वाफ थंड केली की तेल पाण्यावर तरंगते. हे तेल थंडीत ठेवले तर त्यात पांढरे स्फटिक धरतात. यालाच आपल्याकडे ओव्याचे फूल म्हणतात. युरोपात थाइम नावाचे एक सुगंधी झुडूप आहे. त्याच्या तेलातून बर्लिनच्या कास्पर नॉयमान याने १७१९ साली असाच एक स्फटिक वेगळा काढला. पुढे १८५३ साली लालमां या फ्रेंच रसायनज्ञाने तो शुद्ध केला आणि त्याला थायमॉल हे नाव मिळाले. त्या सुमारास उज्जैन व मध्य हिंदुस्थानातील इतर गावी ओव्याचे तेल उघड्यावर थंड ठेवून त्याचे फूल काढीत, आणि ते पुण्याच्या व दख्खनमधील इतर गावांच्या दुकानांत 'अजवाइन का फूल' या नावाने विकले जाई. लंडनात १८७४ साली निघालेल्या 'फार्माकोग्राफिया' या औषधीग्रंथात तशी नोंद आहे. स्टेनहाउस याने १८५५ साली आणि हेन्स याने १८५६ साली दाखवून दिले की पुण्याच्या पुडीतले फूल आणि युरोपातले थायमॉल हा एकच पदार्थ आहे. आपल्या पंसाऱ्याच्या डब्यात जे होते, त्याला युरोपच्या प्रयोगशाळेत दुसरे नाव होते, एवढाच फरक!

परंतु हे फूल जंतू मारते असे त्या वेळी कोणी म्हणत नव्हते, कारण जखम जंतूंमुळे पिकते हेच सिद्ध व्हायचे होते. १८६५ साली ग्लासगो येथे जोसेफ लिस्टरने एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडचा बोळा बांधला. मुलाचा पाय गाडीच्या चाकाखाली मोडला होता. तो पाय न कापता बरा झाला. मात्र कार्बोलिकने कातडी भाजे, डॉक्टरांचे हातही सोलून निघत. म्हणून सौम्य पर्यायाचा शोध सुरू झाला आणि १८७० नंतरच्या दशकात थायमॉलची पट्टी जखमांवर बांधून पाहण्यात आली. १८८७ साली पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां याने पॅरिसमध्ये वनस्पतींची अनेक सुगंधी तेले काळपुळीच्या जंतूंवर आजमावून पाहिली आणि त्यांचा जंतुनाशक गुण पद्धतशीर नोंदवला. तात्पर्य, सुगंधी तेल जंतूंना मारते ही गोष्ट प्रयोगशाळेत सिद्ध होऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. ही आजची नवलाई नव्हे.

आता या फुलाचा कामगारांशी काय संबंध आला ते पाहू. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वताखालून सेंट गॉथर्डचा पंधरा किलोमीटर लांबीचा रेल्वे बोगदा १८७२ ते १८८२ या काळात खोदला गेला. खोदणारे बहुतेक इटलीचे गरीब मजूर होते. आत उष्णता, धूर, गुडघाभर चिखल. शौचाची सोय नाही. १८७५ च्या जुलैत मजुरांनी काम बंद केले तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला आणि चार जण ठार झाले. गोळीतून वाचलेल्यांना दुसरेच दुखणे लागले. माणसे फिकट पडत, धापा टाकीत, झिजून मरत. तुरिनच्या डॉक्टरांनी शोध लावला की चिखलातील विष्ठेतून पसरणारा अंकुशकृमी आतड्याला चिकटून त्यांचे रक्त शोषतो आहे. त्यावर बोत्सोलो या डॉक्टराने १८७९ च्या सुमारास थायमॉल देऊन गुण आणला.

पुढे हेच औषध जगभर गेले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९०९ पासून रॉकफेलरच्या देणगीतून अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम झाली. तिचे मुख्य औषध थायमॉल आणि जुलाबाचे मीठ हे होते. या मोहिमेतून दोन धडे मिळाले आणि दोन्ही आपल्या विषयाशी जवळचे आहेत. पहिला असा की वनस्पतीतून निघाले म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. थायमॉल घेतलेल्या माणसाने दारू किंवा तेलकट अन्न घेतले तर ते रक्तात जास्त शोषले जाई आणि विषबाधा होई, क्वचित मृत्यूही येई. दुसरा असा की औषधाने कृमी पडत, पण अनवाणी माणूस पुन्हा त्याच मातीत गेला की वर्षभरात ते परत येत. संडास आणि पायात जोडा हे नसतील तर फूल कितीही गुणकारी असो, तो उपाय पुरता नव्हे.

पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातील ओवा जहाजांनी जर्मनीत जाई आणि तेथे त्यातून थायमॉल काढले जाई. दाणा पिकवणारे आपण, फूल काढणारे ते! १९१४ साली युद्ध पेटताच हा व्यापार तुटला, थायमॉलची टंचाई झाली आणि हिंदुस्थानातच ते काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. युद्धानंतर मात्र ते कारखान्यात कृत्रिम रीतीने बनू लागले आणि ओव्याचे महत्त्व उतरले.

त्यानंतर जे घडले त्याने सगळीच सुगंधी तेले मागे पडली. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलिनचा सुगावा लागला आणि १९४० नंतर ऑक्सफर्डच्या फ्लोरी व चेन यांनी त्याचे औषध केले. सुगंधी तेल जखमेच्या तोंडाशी लढत असे. पेनिसिलिन रक्तात शिरून शरीराच्या कानाकोपऱ्यात जंतूंना गाठू लागले. आपल्या पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. स्वतंत्र देशाने गरिबाला परवडेल असे पेनिसिलिन स्वतः करावे ही त्यामागची दृष्टी होती, आणि तिचा आम्हां कामगारांना अभिमान आहे.

पण फ्लेमिंगनेच १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना सांगून ठेवले होते की अपुरी मात्रा घेतली तर जंतू मरणार नाहीत, उलट ते औषध पचवायला शिकतील. तसेच झाले. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या जंतूंसाठी १९५९ साली मेथिसिलिन काढले गेले. १९६१ साली त्यालाही न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्ये सापडले. माणसाने नवे कुलूप करावे आणि जंतूंनी नवी किल्ली करावी, असा हा प्रकार आजतागायत चालू आहे. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केला.

म्हणूनच शास्त्रज्ञ पुन्हा जुन्या तेलांकडे वळले आहेत. त्यामागे कारणही आहे. बहुतेक प्रतिजैविके जंतूच्या एखाद्या ठरावीक भागावर घाव घालतात. जंतूने तेवढा भाग बदलला की औषध वाया जाते. थायमॉल जंतूच्या पेशीभोवतीच्या पातळ पडद्यात शिरून तो सैल करते आणि आतला जीवनरस बाहेर झिरपू लागतो. सबंध पडदा बदलणे जंतूला सोपे नाही. मेथिसिलिनला न जुमानणारे जंतूही त्यामुळे नळीत मरतात. अर्थात सगळेच मरतात असे नाही. इस्पितळातील जखमांत आढळणारा स्यूडोमोनास हा जंतू आत आलेले तेल उपसून बाहेर टाकतो आणि बराच तग धरतो.

नळीतले यश माणसात उतरते का, हा खरा प्रश्न आहे. याचे एक चांगले उदाहरण ऑस्ट्रेलियातील टी ट्री या झाडाचे आहे. सिडनीच्या आर्थर पेनफोल्डने १९२० नंतरच्या दशकात त्याच्या तेलाचा जंतुनाशक गुण मोजला आणि तो कार्बोलिकच्या सुमारे अकरापट भरला. पुढे इंग्लंडमधील एका इस्पितळात मेथिसिलिनला न जुमानणारे जंतू अंगावर बाळगणाऱ्या २२४ रोग्यांवर ते तेल आणि नेहमीची औषधे यांची तुलना झाली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेलाने शेकडा ४१ रोगी जंतुमुक्त झाले, नेहमीच्या औषधांनी शेकडा ४९. कातडीवर तेल सरस ठरले. नाकात मात्र औषधाने शेकडा ७८ जणांना गुण आला, तेलाने ४७ जणांना. म्हणजे तेल खोटे नाही, पण ते चमत्कारही नाही.

रक्तातील दुखण्यावर तर ते अद्याप उपयोगी पडलेले नाही. पोटात घेतलेले थायमॉल यकृतात जाऊन त्याचे रूप बदलते आणि जंतूंपर्यंत पुरेसे पोचत नाही. मात्रा वाढवावी तर जंतूंच्या पडद्याबरोबर आपल्याही पेशींचे पडदे दुखावतात. त्याची जागा कातडी, तोंड, भांडी, फरशी, साबण येथे आहे. तेथे त्याने काम केले तर प्रतिजैविकांवरचा भार हलका होईल, आणि ही काही लहान सेवा नव्हे.

आता आमच्या विणकराच्या प्रश्नाकडे येऊ. आम्ही त्याला सांगितले ते असे : "बाबा, धोटा खोल गेला होता. वरून लावलेलं तेल तिथवर पोचलं नसतं, आणि निव्वळ तेलानं कातडी मात्र भाजली असती. आईचं चुकलं नाही. तिनं जे पाहिलं होतं ते सांगितलं. पण बोट तेलावाचून गेलं नाही." त्याने गोळ्या अर्ध्यावर सोडल्या म्हणूनच ते जंतू निर्ढावले असेही आम्ही म्हणत नाही, ते आधीपासूनच तसे असू शकतात. असे जंतू गटाराच्या पाण्यातून, गर्दीच्या खोल्यांतून, चिठ्ठीवाचून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांतून, कोंबड्या-जनावरांना चारलेल्या औषधांतून तयार होतात आणि पसरतात. पण एवढे खरे की पाच दिवसांची पगारी रजा असती तर त्याने डॉक्टर गाठला असता, आणि ठरवून दिलेली मात्रा पुरी केली असती.

१९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला आणि आजारपणात उपचार व भत्ता मिळण्याचा हक्क कामगाराला मिळाला. पण ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याला तो हक्क कागदावरच राहतो. २०१४ पासून कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी वही दुकानदाराने ठेवावी असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे आपण रोज पाहतो.

गॉथर्डच्या बोगद्यात जे फूल मजुरांच्या कामी आले ते आपल्याच पुडीतले होते. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्या मजुरांना फुलाआधी संडास हवा होता, पाण्याची सोय हवी होती आणि दुखणेकऱ्याला विसावा हवा होता. ते मिळाले असते तर फुलाची गरजच पडली नसती. आमच्या विणकराच्या फळीवर कागदात बांधलेल्या तीन दिवसांच्या गोळ्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या तीन दिवसांची मजुरी त्याला कोणी द्यायची, हा प्रश्न जोवर आपण सारे मिळून सोडवीत नाही, तोवर जंतूंशी चाललेले हे युद्ध ओव्याने जिंकता येणार नाही आणि पेनिसिलिननेही येणार नाही.