गाठ नाही, म्हणजे काहीच नाही का?

परळच्या कुठल्याही पानवाल्यापाशी पाच मिनिटं उभे राहा. "आपण तंबाखू नाही हं, साधं पान" हे कानावर पडेलच. हे वाक्य संशोधनात कसं तपासलं गेलं, ते आज बघू.

टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 मध्ये सुरू झालं. 1955 मध्ये तिथले संघवी, राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पेपर छापला. तोंडापासून अन्ननलिकेपर्यंत कुठेही कर्करोग झालेले रुग्ण आणि तो नसलेले लोक, यांच्या ओढण्या-चघळण्याच्या सवयींची त्यात तुलना होती. तंबाखूचा संबंध दिसला. मग सुपारीचं काय? बहुतेकजण दोन्ही एकत्रच खातात, त्यामुळे नुसत्या सवयी विचारून सुपारी वेगळी काढणं कठीण. म्हणून प्राण्यांवरचे प्रयोग आले. परळच्याच कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये कमल रणदिवे यांच्या गटाने हॅम्स्टरच्या गालाच्या पिशवीत सुपारीचा अर्क लावून पाहिला. तो पेपर 1976 चा.

त्याआधी, 1972 मध्ये, अमेरिकेतल्या हॅम्नर यांचा बबूनवरचा प्रयोग छापून आला होता. गालात शस्त्रक्रियेने कप्पा करून त्यात दीर्घकाळ विडा ठेवला. पेशींची ठेवण बिघडली, पण कर्करोग झाला नाही.

पहिल्या वर्षी मी हा निकाल वहीत "निगेटिव्ह" म्हणून टिपला होता. चूक माझी. प्रयोग थांबला तेव्हा गाठ नव्हती, एवढंच त्यातून कळतं. पेशी मात्र बदलल्या होत्या, आणि कर्करोगपूर्व बदल म्हणतात तो हाच. माकडांना कर्करोग होतच नाही, असंही नाही. 1977 मध्ये मिथिलनायट्रोसोयुरिया तोंडावाटे दिलेल्या माकडांच्या अन्ननलिकेत कर्करोग झाल्याचं प्रसिद्ध झालं. गालाचं आणि अन्ननलिकेचं अस्तर एकाच जातीचं, थरांच्या चपट्या पेशींचं. आणि विड्याचा रस गिळला की जातो अन्ननलिकेतूनच.

1985 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बिनतंबाखूच्या विड्याबद्दल पुरावा अपुरा ठरवला. 2004 च्या अहवालात सुपारीच कर्करोगकारक ठरली. 2012 च्या अहवालात बिनतंबाखूच्या विड्यापुढे अन्ननलिकेचंही नाव लागलं. मधल्या काळात कितीजणांनी "पुरावा अपुरा" याचा अर्थ "धोका नाही" असा घेतला असेल?

म्हणून पेपर वाचताना तीन गोष्टी विचारा: काय मोजलं, किती काळ बघितलं, आणि कुठल्या टप्प्यावर थांबले. "आढळलं नाही" हे वाक्य त्यानंतरच वहीत उतरवा.