बालबोध लिपी आणि न वाचणारे मूल

देवनागरीस आपल्या पूर्वजांनी ‘बालबोध’ असे नाव दिले. कारकुनाची लगबग मोडीने सांभाळावी आणि बालकासही कळावे असे जे, ते बालबोधीत लिहावे, अशी ती वाटणी होती. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आम्ही कलकत्त्यास आलो आणि येथे आमच्या चिरंजीवांनी त्या नावाविषयी आमच्या मनात प्रथमच शंका उत्पन्न केली. वय वर्षे नऊ. गोष्ट सांगू लागला की घर गप्प बसून ऐके, तोंडी हिशेबात तो आमच्यावर मात करी. परंतु पुस्तक उघडताच ‘घर’चे ‘धर’ होई. आम्ही त्यास आळस म्हटले. एकदा हातही उचलला. त्या अपराधाच्या टोचणीने आम्ही जो इतिहास चाळला, तो येथे मांडीत आहो.

आरंभ याच परिसरातून करता येतो. शेजारच्या श्रीरामपुरास विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. पुढे पन्नास वर्षांनी, १८५५ मध्ये, ईश्वरचंद्र विद्यासागरांचे ‘वर्णपरिचय’ प्रसिद्ध झाले. बंगाली उच्चारात नसलेला दीर्घ ॠ त्यांनी वर्णमालेतून गाळला आणि जे वर्ण मुलाच्या कानी रोज पडत, त्यांना तीत स्थान दिले. पुस्तकाने मुलाकडे झुकावे, हा त्यामागील विचार थोर होय. परंतु पुस्तक कितीही झुकले तरी ज्याच्या हाती ते लागत नाही, अशा मुलाकडे अजून कोणाचे लक्ष गेले नव्हते. जेथे वाचणारेच थोडे, तेथे न वाचणारा वेगळा दिसावा कसा?

मेंदूस इजा झाल्यामुळे वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढांच्या अवस्थेस जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८७७ साली ‘शब्दांधत्व’ म्हटले. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द स्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांचा. मूल जन्मतःच असे असू शकते, हे १८९६ मध्ये इंग्लंडातील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी दाखविले. त्यांचा चौदा वर्षांचा पर्सी हुशार होता, गणितात तरबेज होता. स्वतःचे नाव मात्र चुकीचे लिही. शिक्षण सारे तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. ते वाचताना आमचा हात थरथरला.

त्याच्या तीनच वर्षे आधी, १८९३ मध्ये, कलकत्त्यात मूकबधिरांची शाळा निघाली होती. ज्यास ऐकू येत नाही त्याची सोय झाली. परंतु ज्याचा कान शाबूत आहे, आणि तरीही वर्गाच्या गलबल्यात ज्याला ‘पाट’ व ‘पाठ’ निराळे उमगत नाहीत, त्याचे काय? ऐकलेले मेंदूत निवडले जात नाही, ही अडचण बहिरेपणाहून वेगळी आहे. हेल्मर मायकलबस्ट यांनी मुलांच्या श्रवणदोषांवरील आपल्या १९५४ च्या ग्रंथात हे दोष परस्परांपासून निवडून पाहण्यावर भर दिला. ही अडचण व वाचनदोष एक नव्हेत. पण पुष्कळदा सोबत आढळतात. वाचनदोषाचे मूळही बहुधा डोळ्यांत नसून ध्वनी आणि अक्षर यांची गाठ बसण्यात असते.

बदलीच्या गावी हे ओळखणे अधिकच कठीण. आमच्या मुलास मराठीतला ‘व’ येथे ‘ब’ म्हणून ऐकू येतो. बंगाली ‘ब’खाली टिंब दिले की ‘र’ होतो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारावी मागाहून, काढावी आधी. तीन लिप्यांत कोणतेही मूल काही काळ गोंधळेल. तो गोंधळ सरावाने ओसरतो. मायबोलीच्या लिपीतही जो वर्षानुवर्षे अडतो, शब्दातील पहिला ध्वनी ज्याला वेगळा काढता येत नाही, त्याची मात्र तपासणी करावी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये सिद्ध केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे.

ज्याचे नाव फायलीत नाही ते सरकारदरबारी नसतेच, हे आम्हा कारकुनांइतके कोण जाणतो? मुंबईत १९९६ साली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. पण १९९५ च्या अपंगविषयक केंद्रीय कायद्यातील सात प्रकारांत या दोषाचे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मानले आणि त्यांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आली. पर्सीच्या हकिकतीस तेव्हा एकशेवीस वर्षे झाली होती.

आता आम्ही रोज संध्याकाळी चिरंजीवांस वाचून दाखवितो आणि तो टाळ्या वाजवून शब्दांचे तुकडे पाडतो. परवा त्याने ‘घर’ हा शब्द बोट ठेवून बरोबर वाचला आणि आमच्याकडे पाहिले. शाबासकीसाठी नव्हे, आम्ही रागावलो नाही ना, हे पाहण्यासाठी. लिपी बालबोध खरी. बालकाचा बोध आम्हांसच व्हावयाचा राहिला होता.