पहिलं बाळंतपण माहेरी

१९२१ सालचे मुंबई शहराचे आकडे वाचले तर आजही पोटात गोळा येतो. त्या वर्षी नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त बाळं वर्षाच्या आत दगावली होती. एका खोलीतल्या बिऱ्हाडांत तर हा आकडा आठशेच्याही वर गेला. चाळींची दाटी, ओल, साथी, अर्धपोटी आया, हे सगळं खरंच होतं. पण आकडा इतका फुगण्याचं आणखी एक कारण शहराबाहेर होतं, कोकणातल्या आणि घाटावरच्या खेड्यांत. मुंबईतल्या कष्टकरी बाईचे दिवस भरत आले की ती गावी जायची. बाळाच्या जन्माची नोंद व्हायची गावात. काही महिन्यांनी ती लेकराला घेऊन खोलीवर परतायची, आणि तिथे ते गेलं तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईत व्हायची. मरणं शहराच्या खात्यावर आणि जन्म गावाच्या, असा तो हिशेब होता.

सरकारी तक्ता बिघडवण्याइतका हा रिवाज पक्का होता. बाळंतपणासाठी पगारी सुटीचा कायदा मुंबई इलाख्यात झाला १९२९ साली. त्याआधी कित्येक पिढ्या महाराष्ट्रातल्या बाईला ही सुटी दिली ती तिच्या आईने. पहिलं बाळंतपण माहेरी, हा सोहळ्यांत आणि ओव्यांत गुंडाळलेला एक करार होता. तो पाळणाऱ्या घरांत पहिलटकरणीचे नऊ महिने कसे जात, हे पाहिलं की त्याची किंमत कळते.

सासरी दिवस राहिल्याची कुणकुण आधी सासूला लागे. पहिले तीन महिने बोलायचं नाही, दृष्ट लागते. तिसऱ्या महिन्यात घरातल्या दोन-चार बायकांतच ओटी भरायची, गाजावाजा न करता. म्हणून ती चोरओटी. कामाला मात्र सुट्टी नसे. पहाटेचं दळण, विहिरीचं पाणी, शेणगोठा, चूल हे सगळं चालूच. उलट हालचाल राहिली तर सुटका सोपी होते, असं सांगून जास्तीचं कामही गळ्यात पडे. ग्रहणात विळी-सुरीला हात लावायचा नाही, तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसायचं नाही, पपई खायची नाही. सांगणाऱ्या दहा जणी, ऐकणारी एकटी, आणि तीही बहुधा पंधरा-सोळा वर्षांची.

या सगळ्यात तिच्या बाजूचे होते फक्त डोहाळे. एरवी ताटात पडेल ते खाणाऱ्या सुनेला आता ‘काय खावंसं वाटतंय?’ असं विचारलं जाई. चिंच, कैरी, आवळा, आंबट ताक. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळात व्यंग राहतं, अशी भीती समाजाने घालून ठेवली होती आणि त्या भीतीचा फायदा सुनेला मिळत होता. गर्भिणीची इच्छा मोडायची नाही, असं चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांतही आहे. काहींना मातीचे डोहाळे लागत. चुलीची भाजलेली माती किंवा खापराचा तुकडा पदराआड चघळणाऱ्या बायका जुन्या घरांत नवलाच्या नव्हत्या. कालिदासाने ‘रघुवंशा’त राणी सुदक्षिणेला मातीचेच डोहाळे लावले आहेत. आजचे डॉक्टर अशा बाईचं रक्त तपासतात, कारण या ओढीचा संबंध अनेकदा अंगातल्या लोहाच्या कमतरतेशी असतो. राणीच्या वाट्याला ती कविकल्पना म्हणून आली असेल. कुणब्याच्या घरात तिच्यामागे बहुधा रिकामं अंग होतं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण. त्याच्या मुळाशी सीमंतोन्नयन हा गृह्यसूत्रांतला संस्कार आहे. त्यात नवरा साळिंदराच्या काट्याने आणि उंबराच्या कच्च्या फळांच्या घोसाने बायकोच्या केसांत भांग पाडतो, आणि आश्वलायनाच्या सूत्रानुसार वीणा वाजवणाऱ्यांना सोमराजाचं गाणं म्हणायला सांगतो. अनेक शास्त्रकारांनी हा संस्कार पहिल्याच गर्भारपणापुरता ठेवला. मराठी बायकांनी त्यातलं पौरोहित्य मागे सारलं आणि आपलं घातलं. हिरवी साडी, हिरवा चुडा, अंगभर फुलांचे दागिने. कधी झोपाळ्यावर, कधी बागेत, कधी कागदी चंद्राखाली, कधी लाकडी होडीत बसवून पाच सवाष्णी ओटी भरत. दोन झाकल्या वाट्यांतली एक उघडायला लावायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पेढा निघाला की जास्त टाळ्या पडत, हेही खरंच. मग डोहाळे म्हणायचे. महिन्यामागून महिना सांगत जाणारी ही गाणी बायकांनीच रचली आणि तोंडोतोंडी पुढे नेली. त्यांत सासरच्या माणसांची नावं कौतुकाने येतात, आणि माहेराची ओढ ओळीओळीतून डोकावते.

डोहाळजेवण झालं की बाप नाहीतर भाऊ न्यायला येई. पुष्कळ घरांत आठव्या महिन्यात प्रवास वर्ज्य, म्हणून सातव्यातच निघायचं. बैलगाडीत गवताची गादी, वर गोधडी. कोकणात जायचं तर बोट. पण पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद होत, त्यामुळे मुंबईकरणीला दिवसांचा हिशेब हंगामाशी जुळवावा लागे. सुटकेनंतर सव्वा महिना हलायचं नाही, पुढेही बाळ बाळसं धरेपर्यंत राहायचं. जाणं-येणं धरून चार-पाच महिने सासरचं काम बाईच्या हातून सुटे. त्या काळात तिच्या आयुष्यात एवढी सलग विश्रांती दुसरी कुठली नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माहेरही हात आखडता घेई.

माहेरी तयारी आधीच सुरू झालेली असे. जुनी मऊ लुगडी धुऊन, फाडून दुपटी आणि लंगोट. डिंक, मेथी, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेपा यांची जमवाजमव. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सर्वांत काळोखी खोली. वारा लागू नये म्हणून झरोक्याला चिंध्या कोंबलेल्या, बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि शेपा यांची धुरी. आई रोज तेल रगडून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, शेक देऊन लेकीला कान बांधून निजवे. गरम भात-तूप, लसणीची चटणी, डिंकाचे लाडू. यातलं तेल, तूप, निजणं आणि आईचा हात अंगी लागत असे, यात शंका नाही. धुराने कोंदलेली खोली मात्र आई आणि बाळ दोघांच्याही छातीला बाधत असणार.

खरा धोका नाळ कापण्यात होता. हे काम सुईणीचं. ती गावोगावी वेगवेगळ्या जातीची असे. कुठे न्हावीण, कुठे महार किंवा मांग समाजातली बाई. तिच्या हातांवर अख्ख्या गावाचे जन्म होत, पण विटाळाचं काम म्हणून तिला मिळे लुगडं, नारळ, पायली-अर्धी पायली धान्य. अडलेल्या बाईच्या पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे की उभं, हे ओळखणाऱ्या सुईणी होत्या. पण नाळ कापायला घरातलाच विळा किंवा सुरी, आणि वर लावायला राख. त्यातून धनुर्वात होई. नवजात बाळाला तो साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गाठतो: दूध ओढणं थांबतं, जबडा आवळतो, अंग कमानीसारखं ताणतं. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते, म्हणून पाटा-वरवंट्याची पूजा करायची आणि रात्र जागवायची. ही रात्र नेमकी त्याच धोक्याच्या दिवसांत पडते, हा केवळ योगायोग मानायला मन तयार होत नाही. भारतात आई आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं ते २०१५ साली.

आणि वय. आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या. मुलगा दहा दिवस जगला. १८८६ साली पेनसिल्वेनियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला होता हिंदू आर्यांचं प्रसूतिशास्त्र. त्याच वर्षी मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. तिथे रोगीही बायका आणि डॉक्टरही बायका. परपुरुषाने तपासायचं नाही म्हणून घरातच मरणाऱ्या बायकांसाठी ती पहिली मोठी वाट होती. पुढे पुण्याच्या सेवासदनाने परिचारिका आणि सुईणी घडवायला घेतल्या, आणि १९२६ साली परळला, गिरणगावाच्या ऐन मध्यात, नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं.

ज्यांना माहेरच बंद झालेलं होतं, त्यांचं काय? केशवपन केलेली विधवा गरोदर राहिली तर तिच्यासमोर विहीर होती, नाहीतर बाळ मारल्याच्या गुन्ह्यात काळं पाणी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि गुप्तपणे येऊन बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं हे तुम्हीच ठरवा, अशा आशयाच्या जाहिराती लावल्या. सावित्रीबाईंनी तिथे आईचं काम केलं. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतला. तो मोठेपणी डॉक्टर झाला. एकोणिसाव्या शतकातलं सर्वांत मोठ्या मनाचं माहेर म्हणून या घराकडेच बोट दाखवावं लागेल.

गिरणीत काम करणाऱ्या बाईचं माहेर दूर होतं आणि तिची रोजी इथे. विसाच्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या, बहुतेक वायंडिंग आणि रीळ खात्यांत. गावी गेलं तर पगार बंद, परतल्यावर जागा मिळेल याची खात्री नाही. म्हणून पुष्कळजणी कळा लागेपर्यंत साच्यावर उभ्या राहत. डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरने सरकारसाठी त्यांची पाहणी केली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात, गिरणीतल्या बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते, असं नमूद आहे. आई कामावर असताना बाळ निजून राहावं म्हणून बाळगोळी. त्या आयांना दोष देणं सोपं आहे. त्यांच्याकडे बाळाला दूध पाजायला वेळ नव्हता, आणि सांभाळायला आई नव्हती.

कामगार पुढारी ना. म. जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिभत्त्याचं विधेयक आणलं, ते पडलं. १९२८ साली मुंबई विधिमंडळात हा विषय आला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठिंब्याला उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून भार मुख्यतः सरकारने उचलावा; पण बाईच्या श्रमाचा नफा घेणाऱ्या मालकालाही त्यातून अंग काढता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९चा कायदा देशातला पहिला. जास्तीत जास्त सात आठवडे, दिवसाला आठ आणे. माहेरच्या चार-पाच महिन्यांपुढे हे थोडंच, पण हे हक्काचं होतं. मालकांनी बायका कमी घ्यायला सुरुवात केली, तीही लवकरच. पुढच्या दशकांत गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घसरत गेलं. त्याला इतर कारणं होती, तसं हेही होतं.

१९६१ साली देशभराचा कायदा आला आणि २०१७च्या दुरुस्तीने पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांवर गेली. ऊस तोडणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बाईला मात्र ती लागू पडत नाही. तिची रजा अजून आईच्याच हातात आहे. दुसरीकडे न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या लेकीकडे आता आईच जाते, सहा महिन्यांच्या व्हिसावर, सामानात डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा घेऊन. इकडे गावात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी निघाली की सासरच्या गावची आशाताई आता तिच्या पिशवीत आधी माता-बाल संरक्षण कार्ड आहे का, हे पाहते, आणि माहेरच्या गावच्या आशाताईला फोन लावते.